जुनी पेटी विकण्याआधी



२०२० सालच्या जून महिन्यात अमेरिकेत एका जुन्या गिटारीचा लिलाव झाला. मार्टिन कंपनीने १९५९ साली बनवलेली ती लाकडी गिटार. कर्ट कोबेन नावाच्या गायकाने १९९३ साली टीव्हीच्या एका कार्यक्रमात ती वाजवली आणि पुढच्याच वर्षी तो वारला. लिलावात तिला ६० लाख डॉलरच्या वर किंमत आली. त्या वेळच्या भावाने सुमारे ४५ कोटी रुपये! आमच्या वस्तीतल्या तरुण मंडळींना ही बातमी तोंडपाठ आहे. कोणत्या गिटारीला कोणते लाकूड असते, जुन्या गिटारीचा आवाज कसा मोकळा असतो, हे सर्व ते मोबाइलवर बघून सांगतात. सांगू द्या, ज्ञान कुठूनही यावे. परंतु विहारातल्या कपाटावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या पेटीच्या पोटात काय आहे, हे त्यांच्यापैकी एकालाही सांगता येत नव्हते. म्हणून आजचा हा विषय.

आमचे अणदूर हे तुळजापूर तालुक्यातले, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. खंडोबाचे ठाणे, त्यामुळे वाघ्या-मुरळीचे तुणतुणे आणि गोंधळ्यांचे संबळ हे आवाज गावाच्या कानावर पिढ्यान्‌पिढ्या पडत आले. गिटार गावात कुणाकडे असलीच तर ती नवी. जुने, लाकडाचे, हाताळून गुळगुळीत झालेले वाद्य म्हणाल तर आपल्या वस्त्यांमध्ये ते एकच : पेटी. कुणी हार्मोनियम म्हणो, आम्ही पेटीच म्हणणार.

आमच्या वस्तीची पेटी आमच्या वडिलांच्या पिढीने साठ वर्षांपूर्वी वर्गणी काढून सोलापूरच्या जुन्या बाजारातून घेतली. किंमत २०० रुपये. ती तेव्हाच जुनी होती. आम्ही पडलो कारकून, शिक्षणाने बी.कॉम. वस्तू दिसली की घसारा डोळ्यांसमोर येतो. फर्निचरवर धरतात तसा दरसाल १० टक्के घसारा घटत्या शिलकेवर या पेटीवर धरला, तर साठ वर्षांनंतर वहीत तिची किंमत उरते ३६ पैसे. आणि दोन महिन्यांपूर्वी पुण्याकडचे एक गृहस्थ आले, त्यांनी पेटी न वाजवता, नुसती बघून ७,००० रुपये देऊ केले. त्यांना ती एका हॉटेलात शोभेला ठेवायची होती. जुना ग्रामोफोन, पितळी कंदील आणि त्यांच्या शेजारी आपली पेटी!

मंडळींमध्ये दोन तट पडले. तरुणांचे म्हणणे होते, विकून टाका, वर थोडी वर्गणी घाला आणि कीबोर्ड घ्या. त्यांचे म्हणणे आम्ही उडवून लावणार नाही. कीबोर्डला भाता मारावा लागत नाही, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. एक बटण दाबले की सूर वरखाली करता येतो, पावसाळ्यात पट्ट्या अडकत नाहीत. ज्येष्ठांचे म्हणणे एकच होते, जुने ते सोने. हे मात्र आम्हाला पटले नाही. सोने आहे की पितळ, हे उघडून बघितल्याशिवाय कसे कळणार? (पेटीच्या बाबतीत ते पितळच निघते, आणि तेच मोलाचे असते. ते पुढे सांगतो.)

जुने वाद्य म्हणजे चांगले वाद्य, हा समज जगभर आहे. गिटारीची वरची फळी पातळ असते, ती थरथरते तेव्हा आवाज उमटतो. ते लाकूड वर्षानुवर्षे वाळते, हलके होते आणि आवाज खुलतो, असे वादक सांगतात. व्हायोलिनच्या बाबतीत तर ३०० वर्षांपूर्वीच्या इटलीतल्या स्ट्राडिव्हरी या कारागिराचे नाव घेतले की लोक हात जोडतात. २०१० साली अमेरिकेतल्या इंडियानापोलिस शहरात याची परीक्षा घेण्यात आली. २१ वादकांच्या डोळ्यांवर वेल्डिंगवाले घालतात तसले चष्मे चढवले, खोलीत अंधार केला आणि त्यांच्या हाती जुनी व नवी व्हायोलिने दिली. बहुतेकांनी नवे वाद्य पसंत केले, आणि सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्राडिव्हरीला! तेव्हा नुसत्या वयाला भुलू नये. बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वाद्याचे वय किती, असा प्रश्न कधी कुणी विचारल्याचे आम्ही ऐकले नाही.

आता पेटीकडे येऊ. पेटीत लाकूड गात नाही. गातात ते आतले सूर. सूर म्हणजे रीड : पितळेची एक छोटी चौकट, तिला खाच, आणि खाचेवर एका टोकाला पक्की केलेली पितळेची पातळ जीभ. भात्याची हवा त्या खाचेतून निघाली की जीभ थरथरते आणि सूर उमटतो. जीभ लांब असेल तर खर्ज, आखूड असेल तर वरचा सूर. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या असतात. एका पट्टीला दोन सूर असले, म्हणजे डबल पेटी असली, की ८४ जिभा झाल्या. हाताने मारतो तो बाहेरचा भाता हवा ढकलतो, आतला भाता ती साठवतो आणि पट्टी दाबली की भोक उघडून हवा सुरातून जाते. एवढाच सारा खेळ. लाकडाचे काम म्हणजे हवा बाहेर जाऊ न देणे आणि सुरांची फळी घट्ट धरून ठेवणे. मुरलेले सागवान ऊनपावसाने सहजासहजी फाकत नाही, जुन्या पेटीच्या लाकडाचा फायदा तो एवढाच.

हे वाद्य मूळचे आपले नाही. १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये दबें नावाच्या कारागिराने त्याला हार्मोनियम हे नाव दिले. ते पायाने भाता मारायचे, खुर्चीवर बसून वाजवायचे वाद्य. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते इकडे आले. आपला गवई जमिनीवर बसणारा. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याचे पाय काढले, भाता पाठीमागे लावला आणि हाताने वाजवायची सुटसुटीत पेटी तयार केली. त्यांच्या द्वारकिन या दुकानाची स्थापना १८७५ ची. पुढे मराठी नाटक मंडळ्यांनी पेटी उचलली. १९११ च्या ‘मानापमान’ नाटकाला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नामांकित पेटीवादक होते. आपल्या मराठवाड्यातून, जालन्याकडून गेलेले अप्पा जळगावकर यांनी थोर थोर गवयांना साथ केली आणि २००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला.

परंतु याच पेटीला आकाशवाणीने १९४० च्या मार्चपासून दार बंद केले होते. कारण सांगितले ते असे, की पेटीचे सूर ठोकळेबाज, त्यांत मींड निघत नाही, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही आणि आपल्या रागातल्या बारीक श्रुती तिच्यात बसत नाहीत. रवींद्रनाथ टागोरांसारख्या माणसाचाही या वाद्याला विरोध होता. शास्त्र म्हणून त्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ही बंदी थोडीफार सैल व्हायला १९७१ साल उजाडले. त्या तीस-एकतीस वर्षांत पेटी काही मेली नाही. भजनात, तमाशाच्या फडात, कव्वालीत आणि आपल्या जलशात ती रोज वाजत होती. रेडिओवर बंदी असलेल्या वाद्यावर या देशातली निम्मी जनता गात होती, असे म्हटले तर फार चुकणार नाही.

आपल्या जलशाला पेटीच का लागली, हेही समजून घ्या. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डकांच्या जलशाने नाशिककडून सुरुवात केली, पुढे गावोगाव जलसे उभे राहिले. ‘माझी दहा भाषणे एकीकडे आणि शाहिराचे एक गाणे एकीकडे’, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे बोल आपल्या घराघरांत सांगतात. गाणारे कोण, तर गिरणीतले, रेल्वेतले, शेतावर राबणारे. गळा तयार केलेला नाही, गुरू नाही. अशा दहा जणांना एका सुरात धरून ठेवायचे काम पेटी करते. तारेचे वाद्य दर बैठकीला जुळवावे लागते, हवा बदलली की उतरते. पेटीला ते नाही. लाऊडस्पीकर नसला तरी पाच-पंचवीस ओट्यांपर्यंत आवाज जातो. एसटीत मांडीवर घेऊन जाता येते. आणि मन लावले तर धुपदाला साथ करण्याइतपत बोट सहा महिन्यांत बसते. वामनदादा कर्डकांची गाणी (दादांचा काळ १९२२ ते २००४) खेड्यापाड्यांत पोचली ती अशाच गायन पार्ट्यांच्या तोंडून. दोन पार्ट्यांचे सामने रात्र रात्र चालत. आता जयंतीला डीजे लावला की काचा हादरतात, शब्द मात्र एकही कळत नाही. असो, तो विषय वेगळा.

पुण्याचे गृहस्थ येऊन गेल्यावर आम्ही पेटी उघडायचे ठरवले. सोलापूरचा एक जुना, जाणता कारागीर आणला. त्याने वरचा भाग उचलला, सुरांची फळी उजेडात धरली, आणि थोडा वेळ तो काही बोललाच नाही. मग म्हणाला, “दादा, हे जर्मन सूर आहेत.”

याचा अर्थ ध्यानात घ्या. पूर्वी आपल्याकडे बनणाऱ्या पेट्यांत बाहेरून आलेले सूर घालत. पॅरिसचे कॅसरियल आणि जर्मनीचे ज्युबिलेट ही त्यांतली नामांकित नावे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हा माल येणे बंद पडले. पुढे आपल्याच देशात सूर बनू लागले, त्यात गुजरातमधल्या भावनगर जिल्ह्यातल्या पालिताण्याचे नाव मोठे. ते सूर वाईट असतात असे मुळीच नाही, आजच्या चांगल्या पेट्यांत ते असतातच. परंतु जुन्या पॅरिस-जर्मन सुरांचे पितळ आणि त्यांवरची घासकाम करणाऱ्याची नजर वेगळी. कमी हवेत ते लगेच बोलतात, आवाज गोल येतो, कानाला टोचत नाही. आता ते मिळतात ते फक्त जुन्या पेट्यांच्या पोटात. म्हणजे हॉटेलवाल्याने ७,००० रुपये लाकडाच्या खोक्याला देऊ केले होते. सुरांना त्याने किंमत लावलीच नव्हती, कारण ते आत आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. आणि आपल्यालाही नव्हते.

आमच्या पेटीचे आणखी एक सांगतो. जुन्या गिटारीच्या दांडीवर बोटे फिरून फिरून जागोजाग खळगे पडतात, त्यावरून वाजवणारा कोणते सूर धरत असे ते जाणकाराला कळते. तसेच पेटीच्या पट्ट्यांचे. आमच्या पेटीत काळी एकच्या आसपासच्या पट्ट्या झिजून बशीसारख्या झाल्या आहेत. म्हणजे आमच्या गायन पार्टीची पट्टी काळी एक होती, पुरुषांच्या गळ्याची. काळी पाचकडच्या पट्ट्या, जिथून बाया गातात, त्या सुरुवातीच्या पट्ट्या म्हणून कधी वापरल्याच गेल्या नाहीत, त्यांच्या कडा अजून कोऱ्या आहेत. साठ वर्षांत पेटी बायांच्या गळ्यासाठी कुणी धरली नाही, हे पट्ट्यांवरून वाचता येते. महिला मंडळाच्या आमच्या आक्का म्हणाल्या, “आम्ही पुरुषांच्या सुरात गात होतो, गळा बसायचा.” आता वस्तीतली दहावीतली एक मुलगी पेटी शिकते आहे आणि ती काळी पाचवरूनच बसते आहे.

आपल्या गावात, विहारात, नाहीतर एखाद्या जुन्या गायकाच्या घरी माळ्यावर अशी पेटी असेल, तर विकायच्या किंवा भंगारात घालायच्या आधी थोडी तपासणी करा. पेटीच्या सगळ्या खुंट्या आत ढकलून बंद करा आणि भाता मारा. फुस्स असा आवाज येत असेल तर हवा निसटते आहे. कुठून, ते उदबत्तीचा धूर सांध्याजवळ धरला की कळते (राख आत पडू देऊ नका). मग खुंटी उघडून भाता एकदा पुरा भरा, एकच पट्टी दाबून धरा आणि सूर किती वेळ टिकतो ते घड्याळावर बघा. चटकन विझला तर भात्याचे चामडे किंवा घडीचा कागद गेला आहे. हे दुरुस्त होते, घाबरू नका. नंतर एकेक पट्टी सावकाश वाजवा. एखादा सूर खरखरला तर बहुतेक वेळा जिभेत कचरा अडकलेला असतो, मऊ ब्रशने निघतो. सूर बेसूर झाला असेल तर कारागीर जीभ घासून तो मिळवतो. टोकाला घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे घरी करून बघू नका, एका जास्तीच्या घासणीने सूर कायमचा जातो. तेल तर सुरांना चुकूनही लावायचे नाही, धूळ चिकटून बसते. वाळवी मात्र बारकाईने बघा. लाकूड टकटक करून पोकळ वाजले, तर खोक्यावर खर्च करण्यात अर्थ नाही, सूर काढून दुसऱ्या पेटीत बसवता येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे. दुरुस्तीला देण्याआधी सुरांची फळी उघडून मोबाइलवर सरळ उजेडात तिचे फोटो काढा, सूर मोजून ठेवा आणि पावतीवर ‘जुने सूर तेच परत’ असे लिहून घ्या. जुने सूर काढून नवे बसवून दिले तर पेटी वाजतेच, आणि आपल्या लोकांना फरक कळत नाही. असे झालेल्या दोन वस्त्या आम्हाला ठाऊक आहेत. काम करणारे सगळेच तसे नसतात, पण पावती मागितल्याने चांगला माणूस रागावत नाही. तसेच, नवीन दिसावी म्हणून पेटीवर ऑइल पेंट मारू नका. निळा रंग आपल्याला प्रिय आहे हे खरे, पण तो पट्ट्यांच्या फटीत उतरला की पट्ट्या जाम होतात. एका गावी आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे.

ठेवण्याचेही थोडे सांगतो. पावसाळ्यात जमिनीवर ठेवू नये, फळीवर ठेवावी. भाता मिटून कडी लावावी, नाहीतर उंदीर आधी चामडे खातो. उन्हात वाळवू नये. आणि काही झाले तरी आठवड्यातून एकदा वाजवावी. न वाजवलेल्या पेटीच्या जिभांवर गंज चढतो, चामडे कडक होते. आमची पेटी बारा वर्षे गोणपाटात होती, तिचे निम्मे आजार त्यातूनच आले.

आता निर्णयाचे. बैठक झाली, तरुणांनी फोटो पाहिले, जर्मन सुरांचे नाव ऐकून एक-दोघांचे डोळे जरा चमकलेच. ठरले असे, की पेटी विकायची नाही, पण कपाटावरही ठेवायची नाही. कारागिराने अंदाज दिला तो ४,८०० रुपयांचा : भात्याचे चामडे नवे, घडीचा कागद नवा, खर्जातले दोन तुटलेले सूर त्याच्याकडच्या जुन्या सुरांतून, आणि सर्व सूर मिळवून देणे. वर्गणी ३,३५० जमली आहे. त्यातले १,००० महिला मंडळाच्या बचतीतले आहेत, अट एकच, की बुधवारची संध्याकाळ पेटी त्यांच्याकडे. ही अट इतिवृत्तात नोंदवून घेतली आहे. कीबोर्डची मागणी रद्द झालेली नाही. त्यासाठी वेगळी वही उघडली आहे, तिच्यात आजवर २१० रुपये आहेत.

पेटी सध्या सोलापूरला आहे. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने दोघे जण आणायला निघणार. परतताना ती मांडीवर घ्यायची, डिकीत टाकायची नाही आणि फोटोतले ८४ सूर तिथेच मोजून मगच उरलेले पैसे द्यायचे, असे त्यांना बजावून ठेवले आहे.